आइव्ह्जचे मास्तर

मराठी माणसाला ऑर्गन परका नाही. संगीत नाटकांत पायांनी भाता मारत साथ करणाऱ्या ऑर्गनवादकांच्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकलेल्या होत्या. त्यामुळे अमेरिकेत न्यू हेवनला राहायला आल्यावर येल विद्यापीठाच्या वूल्सी हॉलमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा नजर आपसूक वादकाच्या पायांकडे वळली. ते पाय भाता मारत नव्हते, चक्क सूर वाजवत होते. टाच आणि चवडा आलटून पालटून लाकडी पट्ट्यांवर पडत होते आणि बारा हजार सहाशेहून अधिक नळ्यांच्या त्या अवाढव्य वाद्याचा खर्ज कानांआधी खुर्चीच्या पाठीतून जाणवत होता.

हा हॉल १९०१ साली, येलच्या द्विशताब्दीच्या वेळी उभा राहिला. त्या सोहळ्यासाठी ग्रीक भाषेतील स्तोत्राला संगीत देणारे हॉरेशियो पार्कर हे येलमध्ये संगीताचे प्राध्यापक होते आणि १९०४ पासून अखेरपर्यंत तेथील संगीत विद्यालयाचे डीन होते. आज त्यांचे नाव घेतले की ऐकणारा लगेच म्हणतो, "म्हणजे चार्ल्स आइव्ह्जचे मास्तर ना?" आइव्ह्ज हा चाकोरी मोडणारा अमेरिकन संगीतकार. शिष्यामुळे गुरूची ओळख राहावी, यात वावगे काही नाही, पण येथे त्या ओळखीला किंचित कुत्सित वास येतो, कारण बंडखोर शिष्याच्या गोष्टीत कर्मठ गुरू लागतोच.

पार्कर यांचा जन्म १८६३ सालचा, बोस्टनजवळच्या ऑबर्नडेलचा. चौदाव्या वर्षापर्यंत या मुलाला संगीताची गोडी नव्हती. मग आईने शिकवायला घेतले आणि दोन वर्षांत तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. पुढे बोस्टनला जॉर्ज चॅडविक आणि म्युनिकला राइनबर्गर असे गुरू लाभले. बाराव्या शतकातील एका लॅटिन काव्यावर त्यांनी रचलेली ‘होरा नोविसिमा’ ही मोठी समूहगान-रचना १८९३ मध्ये न्यूयॉर्कला सादर झाली. तिचे इंग्रजी भाषांतर त्यांच्या आईनेच केले होते. सहा वर्षांनी ती इंग्लंडमध्ये वूस्टरच्या महोत्सवात गायली गेली आणि १९०२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

मला मात्र या मानमरातबापेक्षा त्यांच्या आगगाडीचे अधिक वाटते. १८९४ मध्ये येलला रुजू झाल्यावरही बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चमधील ऑर्गनवादकाचे काम त्यांनी आठ वर्षे सोडले नाही. त्यानंतर न्यूयॉर्कचे एक चर्च, शिवाय फिलाडेल्फियातील गायकवृंद. याच काळात न्यू हेवन सिंफनी या वाद्यवृंदाची उभारणी करून सुमारे पाव शतक तिचे संचालनही त्यांनीच केले. माझे यजमान याच मार्गाने न्यूयॉर्कला जातात आणि रात्री घरी आल्यावर त्यांना जेवण वाढून घ्यायचेही त्राण उरत नाही. पार्कर इतक्या धावपळीत संगीत कधी लिहीत असतील, हा प्रश्न मला पडतो.

आता आइव्ह्ज. येलला आल्यावर काही आठवड्यांतच त्याचे वडील वारले. प्रयोगांची चटक त्याला वडिलांनीच लावली होती, त्यामुळे वडिलांशी पार्कर यांची तुलना सतत होत राहिली आणि त्या तुलनेत पार्कर हरणारच होते. आइव्ह्जनेच पुढे सांगितलेली एक हकिकत मात्र मला फार आवडते. त्याच्या पहिल्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेचा, पहिला भाग डी मायनर या स्वरांगात (ठरलेल्या आधारस्वराच्या चौकटीत) असूनही विषय सहा-आठ स्वरांगांतून भटकून येत होता. पार्कर यांनी तो नव्याने लिहायला लावला. नवा भाग आइव्ह्जला पटेना, पहिलाच ठेवतो म्हणाला. पार्कर हसले आणि एकाच अटीवर सोडून दिले: शेवट तरी डी मायनरमध्येच करायचा. या हसण्यात मला कर्मठपणा दिसत नाही. गायकी घराण्याची असली तरी शिष्याच्या तानेकडे काणाडोळा करणारे उस्ताद आपल्याकडेही होऊन गेले आहेत.

‘मोना’ या पार्कर यांच्या ऑपेराला दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले, पण १९१२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये त्याचे अवघे चार प्रयोग झाले. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या येलच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९१९ मध्ये एक रचना केली आणि त्याच डिसेंबरात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वूल्सी हॉलमध्ये शिरताना गोल दालनाच्या भिंतींवर युद्धांत कामी आलेल्यांची नावे कोरलेली दिसतात. मैफलीला उशीर झालेली मंडळी तिकिटे हातात धरून त्यांच्यासमोरून लगबगीने आत जातात. गेल्या महिन्यात मीही त्यांच्यात होते.