ठेवणे आणि ठेवून घेणे

वाईच्या न्यायालयात वकिली करताना जमिनीच्या वाटण्या, बांधाचे वाद आणि पोटगीचे अर्ज यांतच माझे बहुतेक दिवस जातात. एखादा दिवस मात्र असा येतो की, ज्या कलमांना आपण परीक्षेपुरते पाठ केले होते ती पुन्हा नीट वाचावी लागतात. 2025 च्या जुलै महिन्यातील अशाच एका दिवसाविषयी मला लिहायचे आहे. संबंधित महिलांच्या परवानगीने हे लिहीत असले तरी त्यांचे गाव, त्यांच्या बचत गटाचे नाव आणि पुण्यातील दुकानाचे नाव मी देणार नाही.

त्या दुपारी वाईच्या पश्चिमेकडील एका गावातून बचत गटाच्या पाच महिला माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्याकडे पाचशे रुपयांचा कोरा मुद्रांक होता आणि त्यावर एका शिलाई यंत्राच्या विक्रीचा कागद करून हवा होता. गिऱ्हाईक ठरले होते, किंमतही ठरली होती, वीस हजार रुपये. यंत्र खोक्यातून बाहेरही न काढलेले, कोरे होते. कोरे यंत्र इतक्या स्वस्तात का विकता, असे मी सहज विचारले, तेव्हा चौघींनी एकमेकींकडे पाहिले आणि पाचवी, गटातील सर्वांत वयस्कर सभासद, म्हणाली, "मॅडम, ते आमचं नाहीच. म्हणून तर मी ठरावावर सही करत नाही."

मग हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली. गटाने बँकेचे कर्ज घेऊन पुण्यातील एका दुकानाकडे विजेवर चालणाऱ्या दोन शिलाई यंत्रांची मागणी नोंदवली होती. एका यंत्राची किंमत 27,500 रुपये, म्हणजे दोन यंत्रांचे 55,000 रुपये बँकेमार्फत दुकानाला पोहोचले होते. जूनच्या अखेरीस भर पावसात मालवाहू टेम्पो गावात आला. अशा यंत्राचे हेड, टेबल-स्टँड आणि मोटर वेगवेगळ्या खोक्यांत येतात. त्यामुळे बारा नग उतरवून घेताना ही दोन यंत्रे आहेत की चार, हे कोणाच्या लक्षात आले नाही. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, बाराच नग लिहिलेले होते, अध्यक्षबाईंनी नग मोजले, बरोबर भरले आणि सही केली. चार दिवसांनी जोडणीसाठी फिटर आला, त्याने खोकी उघडली आणि यंत्रे चार असल्याचे सांगितले. कोणाला वाटले, एकावर एक मोफत अशी काही योजना असेल. त्यावर फिटर म्हणाला, "सत्तावीस हजारांची वस्तू फुकट कोण देतो?" तरीही, गणवेशांचे काम तुंबलेले होते आणि जागा होती, म्हणून त्यांनी त्याच्याकडून तिसरे यंत्रही जोडून घेतले. अकरा दिवस ते चालवले. चौथे खोक्यातच राहिले. सचिवांच्या दिरांनी त्याच्यासाठी गिऱ्हाईक आणले होते.

या महिला लबाड नव्हत्या. पहाटे उठून घरचे आवरून, शेतातल्या कामाचा रोज बुडवून शिवणकाम करणाऱ्या त्या होत्या. आधी एका व्यापाऱ्याने त्यांच्या मसाल्याचे पैसे महिनोन्महिने अडकवून ठेवले होते, त्यामुळे मोठ्या दुकानाबद्दल त्यांच्या मनात माया नसणे मला समजू शकत होते. सचिवबाईंनी मोबाईलवर एक चित्रफीतही दाखवली. न मागता आलेली वस्तू ही भेट समजावी, तिचे पैसे द्यावे लागत नाहीत, असा कायदाच आहे, असे तीत एक गृहस्थ ठामपणे सांगत होते.

तसा कायदा आहे, पण तो इथला नाही आणि अशा प्रसंगासाठीही नाही. ब्रिटनमध्ये 1971 साली तसा अधिनियम झाला आणि पुढे तेथील 2013 च्या नियमांतही ती तरतूद आली. अमेरिकेतही 1970 च्या टपालविषयक कायद्यात तशी तरतूद आली. काही विक्रेते लोकांच्या घरी न मागवलेल्या वस्तू पाठवून देत आणि नंतर त्यांचे पैसे मागत. त्या दमदाटीपासून ग्राहकाला वाचवणे हा त्या कायद्यांचा हेतू होता. मागणी नोंदवलेल्या गिऱ्हाइकाला माल भरणाऱ्याच्या चुकीने दुप्पट माल गेला, तर तो त्याला बक्षीस मिळावा, असा त्यांचा हेतू नाही. हे मी त्यांना सांगितले. सचिवबाईंना ते पटल्याचे दिसले नाही.

आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 72 नुसार, ज्याला चुकीने पैसे दिले गेले किंवा वस्तू पोहोचवली गेली, त्याने ती परत केली पाहिजे. मालविक्रीसाठी 1930 चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यातील कलम 37 तर नेमके याच प्रसंगाविषयी बोलते. ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर गिऱ्हाइकाने ठरलेला तेवढा घेऊन उरलेला नाकारावा किंवा सगळाच नाकारावा, परंतु सगळा स्वीकारला तर सगळ्याचे पैसे ठरलेल्या दराने द्यावेत. जास्तीचा माल फुकट ठेवून घेणे हा मार्ग त्या कलमात कुठेच नाही. आणि खोक्यातले यंत्र विकले असते तर प्रकरण दिवाणी राहिले नसते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली दुसऱ्याच्या वस्तूचा अप्रामाणिकपणे अपहार केल्यास किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कारावास आणि दंडही आहे. त्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण असे आहे की, एखाद्याने दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून सद्भावनेने घेतली तर ती चोरी नव्हे, पण चूक कळल्यानंतरही अप्रामाणिकपणे ती स्वतःची करून टाकली, तर तो या कलमाखाली गुन्हा ठरतो. म्हणजे, टेम्पो आला त्या दिवसापेक्षा फिटर बोलला तो दिवस अधिक महत्त्वाचा होता.

हे ऐकून वयस्कर मावशी म्हणाल्या, "मी हेच सांगत होते. ठेवणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं."

इतकी वर्षे मी ही कलमे वाचते आहे, पण त्यांचा सारा आशय एका सहायक क्रियापदात बसतो, हे मला तोवर सुचले नव्हते. शेजारणीचे दागिने आपण ठेवतो, ते ठेवून घेत नाही. चुकीने आलेला माल मालकाच्या वतीने, कोरड्या जागेत, उंदीर-वाळवीपासून जपून ठेवण्यात काहीही गैर नाही. आपण तो ठेवला आहे हे मालकाला कळवले की, आपल्या हातून होणे आवश्यक असलेली मुख्य गोष्ट झाली.

मी तिथूनच दुकानाला दूरध्वनी लावला. सर्वांना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा ठेवला होता. मी गटाचे नाव सांगताच हिशेब पाहणाऱ्या माणसाने माझे पुढचे ऐकूनही न घेता सांगितले, "तुमच्या गटाकडे 55,000 बाकी आहे. स्मरणपत्र ई-मेलने पाठवलंय." सचिवबाईंचा चेहरा उतरला. दुकानाने चार यंत्रांचे एक लाख दहा हजारांचे बिल केले होते आणि ते गटाच्या ज्या ई-मेल पत्त्यावर गेले, तो पत्ता बँकेच्या अर्जापुरता काढलेला असल्याने कोणी उघडतच नसे. ज्या वस्तूंची कोणाला आठवण नाही असे या महिला समजत होत्या, त्या दुकानाच्या वहीत त्यांच्याच नावावर उधारी म्हणून उभ्या होत्या. मोठे दुकान दोन यंत्रे विसरेलही, परंतु येणे बाकी ते विसरत नाही. यंत्र वीस हजारांना विकून गटाला 27,500 रुपये भरावे लागले असते, फौजदारीची टांगती तलवार वेगळी.

मागणी दोनच यंत्रांची होती, हे दरपत्रकावरून आणि बँकेच्या पावतीवरून दाखवून दिल्यावर समोरचा आवाज बदलला, पण नरमला नाही. चूक आमची असेल, पण माल तुम्ही दोन दिवसांत स्वखर्चाने पुण्याला पोहोचवा, असे त्याचे म्हणणे होते. इथे मला खरोखर राग आला. टेम्पोचे भाडे आणि दोन्ही टोकांची हमाली या महिलांनी कशासाठी भरायची? 1930 च्या त्याच अधिनियमाचे कलम 43 सांगते की, गिऱ्हाइकाने हक्काने माल नाकारला असेल तर, वेगळे काही ठरलेले नसल्यास, तो परत पोहोचवण्याचे बंधन त्याच्यावर नाही, नाकारल्याचे कळवणे पुरेसे आहे. मी ते कलम त्याला वाचून दाखवले आणि लेखी पत्र येत आहे असे सांगून संभाषण संपवले.

"मॅडम, आमचे पैसे त्यांच्याकडे जास्त गेले असते, तर त्यांनी असं स्वतःहून फोन करून सांगितलं असतं का?" अध्यक्षबाईंनी विचारले. कलम 72 दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहे आणि त्याखालचे पहिले उदाहरणच चुकीने दुसऱ्यांदा दिलेल्या पैशांचे आहे, असे मी सांगितले. त्यांनी स्वतःहून सांगितले असते की नाही, हे मात्र मला सांगता आले नाही. गटाला आपले पैसे परत मिळवताना किती खेटे घालावे लागले असते, याचा अंदाज आम्हा दोघींनाही होता.

मग मी पत्र लिहिले. मागणी दोन यंत्रांची, आलेली चार. दोन जास्तीची यंत्रे गट स्वीकारत नाही. ती सुरक्षित आहेत, पंधरा दिवसांत आपल्या खर्चाने न्यावीत. नेणाऱ्याकडे दुकानाचे अधिकारपत्र असावे, त्याशिवाय कोणाच्याही ताब्यात दिली जाणार नाहीत. बिल दुरुस्त करून गटाच्या नावावरील बाकी काढल्याचे लेखी कळवावे. पत्र नीट झाले असे मला वाटले आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

सातवीपर्यंत शिकलेल्या अध्यक्षबाईंनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "यात आपले अकरा दिवस कुठे आहेत?"

ते मी जाणूनबुजून गाळले होते. त्याच अधिनियमाच्या कलम 42 नुसार, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे कृत्य गिऱ्हाइकाने केले, तर माल स्वीकारला असे समजले जाते. चूक कळल्यानंतर अकरा दिवस चालवलेले तिसरे यंत्र तुम्ही स्वीकारलेच आहे, असे दुकान म्हणू शकले असते आणि तसे झाले तर 27,500 रुपये द्यावे लागले असते. माझ्या पत्रातले एकही वाक्य खोटे नव्हते. यंत्र पुसून, तेल देऊन पुन्हा खोक्यात भरले तर बहुधा कोणाच्या ध्यानातही आले नसते. अशिलाचे नुकसान होईल ते स्वतःहून लिहायचे नाही, ही सवय माझ्या हाताला इतकी लागली आहे की, ते वाक्य टाळताना मी क्षणभरही थांबले नव्हते. जो धोका होता तो मी त्यांना आकड्यांसह सांगितला. सचिवबाईंनी लिहू नये असे म्हटले आणि त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते, कारण कर्जाचे हप्ते सर्वांच्या डोक्यावर होते. बाकीच्या दोघी गप्प होत्या.

"परत द्यायचं तर पुरतं द्यायचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वापरलेलं नवं म्हणून दिलं, तर पुढे ज्याला ते विकतील त्याच्याकडून पैसे नव्याचे घेतील. तो कोण असेल? आपल्यासारखाच कुणी गट असेल."

त्या पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार मी केला नव्हता. सगळा वेळ मी गट आणि दुकान अशा दोनच बाजू धरून चालले होते. चौघींनी मान्य केले, सचिवबाईंनी सर्वांत शेवटी. मी पत्रात दोन वाक्ये वाढवली: एक यंत्र गैरसमजातून जोडले गेले आणि अकरा दिवस शिवणकामासाठी वापरले गेले, त्याबद्दल वाजवी मोबदला देण्यास गट तयार आहे. "गैरसमजातून" हा शब्दही मावशींनी खोडायला लावला. फिटरने सांगितल्यावर गैरसमज उरला कुठे होता, असे त्या म्हणाल्या. पत्र नोंदणीकृत टपालाने गेले, ई-मेलनेही गेले. कोरा मुद्रांक त्यांनी परत पिशवीत ठेवला.

आठव्या दिवशी दुकानाच्या मालकांचाच दूरध्वनी आला. वापरलेल्या यंत्रासाठी त्यांनी तीन हजार मागितले. गटाने आपला हिशेब आधीच मांडून ठेवला होता, दिवसाला शंभर रुपये भाडे धरून अकराशे. तालुक्याच्या ठिकाणी असे यंत्र भाड्याने काय दराने मिळते, हे त्यांनी दोन दुकानांत विचारूनही ठेवले होते. मालकांनी थोडी घासाघीस केली आणि अकराशे मान्य केले. टेम्पोचे भाडे कोण भरणार हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

यंत्रे न्यायला टेम्पो आला त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी त्याच बाजूला गेले होते, म्हणून मीही तिथे थांबले. चालकाने अधिकारपत्र दाखवले. अध्यक्षबाईंनी या वेळी खोकी नुसती मोजली नाहीत. प्रत्येक खोक्यावर हेड, मोटर, टेबल असे खडूने लिहिले, वापरलेल्या यंत्राच्या खोक्यावर "वापरलेले" असे ठळक लिहिले आणि सहा नगांची यादी करून त्यावर चालकाची सही घेतली. दुकानाने दुरुस्त केलेला हिशेब चार दिवसांनी ई-मेलने पाठवला. तो ई-मेल पत्ता आता सचिवबाई रोज उघडतात. त्यांनी मला त्या हिशेबाची छापील प्रत आणून दिली. तिच्यात बाकीच्या रकान्यात शून्य होते आणि खाली अकराशे रुपये मिळाल्याची नोंद होती.