गलविंग राहू दे, मला रोडस्टरच पाहिजे
मर्सिडीज ३०० एसएल म्हटलं की सगळे त्या गलविंग मॉडेलच्या वर उघडणाऱ्या दारांवरच फिदा, पण खरं सांगू का, चालवायला १९५७ ला आलेली उघड्या छताची रोडस्टरच बरी. ट्यूबची फ्रेम बाजूंनी खाली घेतली म्हणून साधी दारं बसली, मागचं सस्पेन्शनही सुधारलं, त्यामुळे वळणावर मागची बाजू तेवढा दगा देत नाही. इंजिन तेच ३ लिटरचं, सहा सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्याची एक खोड आहे, इग्निशन बंद केलं तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारतच राहतो आणि ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल बदलायला कंजुषी नको. १९६३ पर्यंत फक्त १८५८ बनल्या. घ्यायचीच तर शेवटच्या दोन वर्षांतली बघा, डिस्क ब्रेक तरी मिळतात!