पावडर कोटिंगनंतर बिघडलेली बुलेट

गाडी पेडण्याहून पिकअपमध्ये घालून म्हापशाला आली. बुलेट 350, ऐंशीच्या दशकातली, कास्ट आयर्न इंजिनाची, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, इग्निशन पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणाऱ्या दोन छोट्या संपर्कांवर. मालक पंचविशीतला, पहिलीच जुनी गाडी. दिसायला झकास: फ्रेम काळी कुळकुळीत, नवं सीट, नवे केबल. तक्रार मात्र चमत्कारिक होती. कशीबशी स्टार्ट होते, सरळ उभी असताना चालते, हँडल डावीकडे वळवलं की फटफटून बंद पडते.

"काका, प्लग, कॉइल, कंडेन्सर, कार्बोरेटर, सगळं नवीन टाकलंय," तो म्हणाला.

"आणि रंग?"

"तो आधीच केला. विकत घेतली तेव्हा चालत होती, म्हणून पहिल्यांदा खोलून फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं."

खरं तर निम्मं निदान इथेच झालं. चालत आलेली गाडी खोलून रंगवली आणि मग बिघडली, तर आधी नव्या पार्टवर नाही, रंगावर संशय घ्यायचा. तरी हँडल वळवल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत आधी थ्रॉटल केबल बघतात, आणि ते बरोबरच आहे. केबल आखूड असेल किंवा टाकीखाली दबली असेल तर हँडल वळताना ती ओढली जाते. पण मग इंजिनाचा वेग वाढतो, इंजिन मरत नाही. इथे मरत होतं, म्हणजे वीज जात होती.

जुन्या बुलेटचं एक बरं आहे, हेडलाइटच्या डोक्यावर करंट दाखवणारा अँमीटर असतो. तो नुसता शोभेचा नाही. दिवे बंद ठेवून चावी चालू करायची, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक हळूहळू फिरवायची. पॉइंट मिटले की सुई डिस्चार्जकडे झुकते, उघडले की मध्यावर येते. मध्यावर आली म्हणजे पिस्टन वर पोचला. मग डीकॉम्प्रेसर सोडून, किक वर घेऊन एकच सलग लाथ. हे शिकलं की किक उलटून घोटा दुखवायची वेळ सहसा येत नाही. 12 व्होल्टच्या कॉइलला पॉइंट मिटल्यावर साधारण 3 ते 4 अँपिअर लागतात. या गाडीची सुई त्याच्या निम्मीच हलत होती. पॉइंटमधली गॅप फीलर गेजने मोजली तर बरोबर, 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या आत. पॉइंट स्वच्छ. मग करंट कमी का?

मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर लावला. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत येण्याच्या, टर्मिनलला, दुसरं पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला. हे मोजताना पॉइंट मिटलेलेच हवेत. उघडे असले तर करंट वाहत नाही, मीटर शून्य दाखवतो आणि आपण अर्थिंग उत्तम आहे असं समजून पुढे जातो. निरोगी गाडीत हा आकडा 0.2 व्होल्टच्या आत असतो. इथे हँडल सरळ असताना पाचच्या वर होता, आणि डावीकडे वळवलं की आठच्या पुढे. बॅटरीतल्या बारा व्होल्टपैकी कॉइलच्या वाट्याला जेमतेम चार. ठिणगी पडणार कुठून?

पावडर कोटिंग म्हणजे 60 ते 80 मायक्रॉनचा भट्टीत भाजलेला प्लास्टिकचा थर, पक्का इन्सुलेटर. इंजिन ज्या प्लेटांवर बसतं त्या कोट केलेल्या, फ्रेमवरची भोकं कोट केलेली, बॅटरीची अर्थिंग वायर जिथे कसते ती जागाही कोट केलेली. मग करंट परत जात कुठून होता? क्लच केबलमधून! इंजिनापासून केबलच्या पोलादी आवरणातून हँडलपर्यंत, तिथून हेडलाइटच्या वायरिंगमधून बॅटरीपर्यंत. हँडल डावीकडे वळलं की केबलच्या टोकाचा टेकू सुटायचा. थोडा वेळ इंजिन चालवून केबल हातात धरली तर कोमट लागत होती. गाडी चालू असताना अँमीटर मध्यावर येत नव्हता त्याचं कारणही तेच: बॅटरी चार्ज करायला एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा अर्थ त्याच्या बोल्टातून फ्रेमला जात होता आणि तो बोल्ट कोटिंगवर बसला होता. बॅटरी चार्जच होत नव्हती.

दुरुस्ती फार नाही. बॅटरी, इंजिनची मागची प्लेट आणि रेक्टिफायर या तीन जागी बोल्टखालचं कोटिंग वॉशरपुरतं खरवडून चकचकीत धातू काढला, स्टार वॉशर घातले. शिवाय इंजिनच्या बोल्टापासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली, दोन्ही टोकांना रिंग लग. कसून झाल्यावर वरून व्हॅसलिन, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडा धातू एका पावसाळ्यात गंजतो. बॅटरी जोडताना प्लस आणि मायनसमधला अर्थ कुठला ते वायरिंगवरून बघा. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत प्लस अर्थ असतो. पुन्हा मोजलं, 0.1 व्होल्ट. हँडल दोन्ही बाजूंना वळवलं, सुई जागची हलली नाही.

मग बाकीचं. त्याने डिपस्टिक कोरडी बघून तेल ओतलं होतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, ते बाहेर येत होतं. ही बुलेट महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. इंजिन काही मिनिटं चालवून, थोडं थांबून मगच लेव्हल बघायची. बदलताना 20W50, सव्वादोन लिटर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची सेटिंग, थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला: पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी) बोटांनी गोल फिरला पाहिजे, वरखाली मुळीच हलता कामा नये. पेट्रोलची रबरी नळी बदलली, आता इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगून चिरतं. टाकीत गंज होता, पण तो सायट्रिक अ‍ॅसिडने, लिटरला 100 ग्रॅमने, नंतर काढता येतो. तूर्त नळीत फिल्टर.

मडगार्डला कोटिंग नव्हतं, नुसता स्प्रे. एक टवका उडाला होता, त्याखाली पिवळा रंग. म्हणजे गाडी कधीतरी पायलटची, गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याची, होती. आरसी बुकात ती खाजगी म्हणून बदलली आहे का, हे विचारल्यावर पोरगा गप्प झाला. फॉर्म 29 आणि 30 भरून नावावर करण्याआधी ते बघायला हवं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि त्या वेळी इन्स्पेक्टर चेसिस नंबर बघतो. तो नंबर या गाडीवर कोटिंगखाली बुजला होता. कोटिंगला देताना नंबरवर, इंजिनच्या भोकांवर, आट्यांवर आणि स्टिअरिंगच्या कपांच्या जागी उष्णतेला टिकणारी टेप किंवा प्लग लावा असं सांगावं लागतं, नाहीतर सगळ्यावरच फवारा जातो. आता तिथे ग्राइंडर लावायचा नाही, घासपेपरही नाही. आकडे घासले गेले तर नंबर खोडला असा संशय येतो. पेंट रिमूव्हर ब्रशने लावायचा, थर फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा, आकडे दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि वर फक्त पारदर्शक लॅकर मारायचा.