किडनी म्हणजे नुसती गाळणी नाही हो

दरवर्षी फर्स्ट इयर नर्सिंगच्या वर्गात विचारते, किडनी काय करते? अख्खा वर्ग एका सुरात, "मॅडम, रक्त गाळते." चूक नाहीये, पण ती निम्मीच गोष्ट आहे आणि खरी मजा उरलेल्या निम्म्यात आहे.

आता बघा, हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त पंप करतं, त्यातलं एक लिटरच्या वर रक्त या दोन किडन्यांकडेच जातं, आणि दोन्ही मिळून वजन किती तर ३०० ग्रॅमच्या आसपास. दिवसभरात गाळून बाजूला पडतं जवळपास १८० लिटर पाणी. आणि लघवी होते दीड-दोन लिटर. मग बाकीचं गेलं कुठं? इथं वर्ग चिडीचूप.

गेलं परत रक्तातच. म्हणजे आमच्या सासूबाई कपाट आवरतात ना तसं, आधी सगळंच्या सगळं बाहेर काढायचं, मग हवं ते एकेक परत आत, राहिलं ते भंगारात. नेफ्रॉनच्या (किडनीतली बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नळी) तोंडाशी पाणी, मीठ, साखर, युरिया सगळंच बाहेर पडतं (रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रोटीन्स सोडून, म्हणून तर लघवीत प्रोटीन दिसलं की डॉक्टर सावध होतात), आणि पुढच्या नळीत कामाचं उचलून घेतात. एका किडनीत असे साधारण १० लाख नेफ्रॉन. पहिल्यांदा वाटतं काय हा उगाच उपद्व्याप, पण विचार करा, घाण ओळखत बसायचीच गरज नाही, जे परत उचललं नाही ते आपोआप बाहेर.

पुस्तकातल्या आकृतीने किडनीची रचना डोक्यात शिरत नसेल तर मटणवाल्याकडून एक गुर्दा आणा आणि उभा कापा. बाहेरचा पट्टा आणि आतला भाग, दोन्हींचा रंग वेगळा दिसतो, बाहेरचा तो कॉर्टेक्स, आतला मेड्युला. मधल्या खोबणीत पांढरी चरबी, तिथूनच युरेटर, म्हणजे लघवी मूत्राशयाकडे नेणारी नळी, निघते. आमच्या लॅबमधल्या प्लास्टिक मॉडेलपेक्षा हे शंभरपट बरं, वास सोडला तर.

आता ते परत उचलणं कसं, तर साखरेचंच घ्या. नॉर्मल माणसात गाळलेली साखर जवळजवळ सगळी परत घेतली जाते. पण रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की नळीतले साखर उचलणारे पंप कमी पडतात, साखर लघवीत उतरते, जाताना सोबत पाणी ओढून नेते, म्हणून डायबेटिसमध्ये सारखी लघवी आणि सारखी तहान. आणि गंमत म्हणजे डापाग्लिफ्लोझिनसारख्या डायबेटिसच्या गोळ्या मुद्दाम हेच करतात, साखर उचलणारा तो पंपच अडवून ठेवतात, त्यामुळे ही गोळी चालू असलेल्या माणसाची रक्तातली शुगर चांगली आली तरी लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर भरपूर दिसते, आणि मग घरचे रिपोर्टचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅप करतात.