लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात जाताय? फोनची सोय आधी लावा

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातलं. संत्र्याचं वावर, आंबिया बहार (म्हणजे हिवाळा संपताना फुलणारा), आणि घरच्यांच्या खिशात साधा बटणांचा फोन. लेक टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला असते. तिच्या बाळंतपणासाठी उन्हाळ्यात गेले, ते संत्रा तोडणीच्या तोंडावर परत आले. कपडे काय न्यावे, मसाले किती न्यावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी फोनबद्दल लिहिते, कारण बाळ-बाळंतीण सुखरूप असूनही माझा अर्धा जीव इकडे वावरात होता.

आपल्याकडे ३४९ रुपयांत २८ दिवस रोज २ जीबी मिळतं आणि किती बोललो हे कोणी पाहत नाही. तिकडे एका डॉलरचे साधारण ६०-६५ रुपये धरा. नुसत्या बोलण्या-मेसेजचा हलका प्रीपेड प्लॅनही १५-२० डॉलरच्या घरात जातो. दुकानात सांगतात ती किंमत कर सोडून असते. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत वर १३ टक्के लागतात. म्हणजे हजार रुपये गेले, आणि नेट मिळालं तर नावापुरतं. लेक म्हणाली, "आई, घरात वायफाय आहे, तुला मोठा प्लॅन कशाला?" खरंच लागला नाही. बाहेर पडलं तर वाचनालयात आणि टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानात वायफाय फुकट मिळतं. तरी हलकं का होईना, तिकडचं सिम घ्याच. बाळाला घेऊन दवाखान्यात गेलो आणि जावई गाडी लावायला गेले, तेव्हा वायफाय कामाचं नसतं. ९११ हा तातडीचा नंबर मात्र प्लॅन नसलेल्या मोबाइलवरूनही लागतो.

आता आपल्या सिमचं. ते काढून कपाटात ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. निघण्याआधी इथेच कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, तिकडे गेल्यावर ते करणं फार जड जातं. फोनमध्ये डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. मेसेज यायला पैसे लागत नाहीत, पण पॅक नसताना त्या नंबरवर आलेला फोन उचलला की मिनिटाचे पैसे कटतात. हे सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगा, नाहीतर बारशाच्या दिवशी अख्खा गोतावळा त्याच नंबरवर फोन लावतो. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे जाईल असं पाहा. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नेट नसलेले, फक्त बोलणं आणि मेसेजचे पॅक ठेवायला सांगितलं, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. अशा मुक्कामाला तोच पॅक बरा. तिकडचं सिम टाकल्यावर व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का विचारतं. "नाही" म्हणा, जुनाच राहू द्या.

माझी खरी अडचण वेगळी होती. ह्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप नाही, आणि पुतण्याकडे आहे तर वावरात रेंज नाही. जुलै-ऑगस्टात फळगळ सुरू झाली की रोज बोलणं लागतं: फवारणी झाली का, पाणी साचलं का, कोणत्या ओळीतली फळं गळतात. व्हिडिओ कॉल लावला की "आवाज येऊन राह्यला का?" यातच वेळ जायचा. म्हणून व्हिडिओचा नाद सोडला. पुतण्या झाडाखालच्या फळांचे फोटो काढायचा आणि डांबरी रस्त्यावर आला की पाठवायचा. मी बोलून मेसेज टाकायची, तो रात्री ह्यांना ऐकवायचा. दोन मिनिटांच्या अशा मेसेजला नेट अगदी थोडं लागतं आणि तो तुटत नाही.

पण बागेतल्या फळांचा सौदा मेसेजवर होत नाही. त्यासाठी जावयाच्या प्लॅनवर भारतात बोलायची मिनिटं जोडून घेतली होती. ह्यांच्या फोनवर आयएसडी, म्हणजे परदेशात फोन लावायची सोय, चालू करून ठेवलं. काही तातडीचं असलं की ते मिस कॉल द्यायचे, मी उलट फोन लावायची. कोणी स्काईपवरून साधा फोन लावा असं सांगेल, पण ते मे २०२५ मध्ये बंद झालं.

वेळही आधी ठरवा. उन्हाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. बाळाची अंघोळ उरकलेली असते. आपल्या सकाळी अकराला तिकडे रात्रीचा दीड वाजतो. व्यापारी नेहमी सकाळी येतात, म्हणून ह्यांनी त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. व्यापाऱ्याला ते पटलं नाही, पण आला. भाव ठरताना मी फोनवर होते, आणि माझ्या मते त्यासाठी दिलेला डॉलर न डॉलर वसूल झाला.

परत निघायच्या आधी लेकीच्या कार्डावर लागलेला तुमच्या प्रीपेडचा आपोआप रिचार्ज बंद करायला सांगा, नाहीतर तुम्ही वरूडला आल्यावरही महिन्याचे पैसे तिच्या खात्यातून जात राहतील.