त्रेचाळिसाव्या मिनिटाला मी जागा सोडली

माझ्या भाच्याच्या मते भारत २०२७ च्या फुटबॉलच्या आशिया चषकाला पात्र ठरला नाही याची कारणं तीन: बचावफळी, फेडरेशन आणि मामा. पहिल्या दोन कारणांवर तो वाद घालायला तयार असतो. तिसऱ्यावर नाही.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर भारत विरुद्ध सिंगापूर, पात्रता फेरीचा सामना. फोंड्याला माझं झेरॉक्सचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे, सकाळची पेपरची लाइनही आहे, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या आत शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी चार गिऱ्हाइकांची बोलणी ठरलेली. त्यात दिवाळी आठवड्यावर आलेली. आकाशकंदिलाचे कागद मागणारे एकीकडे आणि नरकासुराच्या पुतळ्यासाठी रद्दी मागणारी पोरं दुसरीकडे. रद्दीला पैसे पडतात हे या पोरांना कुणी शिकवलेलंच नाही. भाचा त्यांच्यातलाच. साडेपाचला दुकानात आला तो कोपरापर्यंत खळ माखून. वाड्यावरच्या नरकासुराला गवत बांधून झालं होतं, कागद चिकटवायला सुरुवात झाली होती आणि हा काम अर्ध्यावर टाकून पळून आला होता. ‘हात धू आधी, सीटला लागेल,’ म्हटलं. हात धुतले, पण एका कानामागे राहिलीच. रात्री सामना बघताना ती वाळली आणि तो नखाने तिचे पापुद्रे काढत बसला. त्या सामन्यातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवणारं दृश्य हेच आहे, काय करणार.

बोरीचा पूल, मग राय, मग फातोर्डा. पुलावर नेहमीप्रमाणे रांग. मागे बसून भाचा मोबाइलवर हाँगकाँग-बांगलादेश सामन्याचा स्कोअर वाचून दाखवत होता. आमच्याच गटातला तो सामना तिकडे आधी सुरू झाला होता, आणि पुढे १-१ असा सुटला. त्याचा आपल्याला काय फायदा, हे त्याने मला पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समजावलं. वाऱ्यात मला निम्मं ऐकू आलं. नंतर हिशेब मीच केला, ते पुढे येईल.

फातोर्ड्याशी माझी ओळख जुनी. १९८९ मध्ये इथे नेहरू चषक झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बाबांनी नेलं होतं. फुटबॉल किती कळला माहीत नाही, पण एवढे दिवे एका जागी मी आधी कधी पाहिले नव्हते. १९९९ मध्ये इथेच दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० हरवलं. ब्रूनो कुतिन्हो, बायचुंग भुतिया यांचा तो संघ. त्या रात्री आम्ही मित्र एकाच जीपमध्ये किती जण घुसून परत आलो ते सांगितलं तर आजही दंड होईल. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात इराणच्या पोरांनी जर्मनीला इथे ४-० असं धुतलं, तेही मी पाहिलं. सांगायचा मुद्दा, या मैदानावर मला सहसा चांगलंच बघायला मिळालेलं आहे. त्यामुळे त्या मंगळवारी मी जरा जास्तच निर्धास्त होतो.

तसं निर्धास्त असायला काही कारण नव्हतं. गटात चार संघ आणि जागा एकच. पहिल्याला तिकीट, बाकी तिघे घरी. मार्चमध्ये शिलाँगला, आपल्या घरात, बांगलादेशाशी ०-०. त्या दिवशी बांगलादेशाकडून इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारा हमझा चौधरी पहिल्यांदा उतरला होता आणि सगळी चर्चा त्याचीच. आपण गोल का केला नाही यावर कुणी फार बोललं नाही. जूनमध्ये हाँगकाँगला भरपाईच्या वेळेत पेनल्टी देऊन ०-१. त्यानंतर प्रशिक्षक मानोलो मार्केझ गेले. त्यांना आम्ही गोव्याचेच समजायचो, कारण एफसी गोवाचे प्रशिक्षकही तेच. मग खालिद जमील आले. सावियो मदेराच्या नंतर, म्हणजे तेरा वर्षांनी, भारताला भारतीय प्रशिक्षक मिळाला. शेवटचा गोंयकार होता, हे आम्ही गोव्यात दर चर्चेत घुसडतोच, तर इथेही घुसडलं.

९ ऑक्टोबरला सिंगापूरला जाऊन १-१. तो सामना टीव्हीवर पाहिला होता. मध्यांतरानंतर लगेच आपला बचावपटू संदेश झिंगन याला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. उरलेला सगळा वेळ दहा जणांनी काढला आणि नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. मी खुर्चीवरून उठलो तेव्हा मांडीवरची ताटली खाली. बायको म्हणाली, बरोबरीला एवढं? तिचं बरोबर होतं. पण त्या क्षणी वाटलं होतं की आता गाडी लागली मार्गाला. झिंगन मात्र लाल कार्डामुळे पुढच्या सामन्याला बाहेर. पुढचा सामना कुठे, तर फातोर्ड्याला. एफसी गोवाचा खेळाडू, हे त्याचं रोजचं मैदान, आणि नेमका त्याच दिवशी तो आत नाही.

चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने गोल केला. बॉक्सच्या बाहेरून मारलेला. चेंडू त्याच्या पायातून सुटला तेव्हा भाचा कानामागे खाजवत होता, तरी त्याने पाहिला, आणि मी थेट बघत होतो तरी मला कळलं ते जाळं हललं तेव्हा. मग जे होतं ते झालं. अनोळखी माणसाने मला मिठी मारली, त्याच्या अंगाला घामाचा आणि अत्तराचा मिळून वास येत होता. पुढची पंचवीस मिनिटं मी मनातल्या मनात गुणतालिका मांडत होतो. आपले पाच होतील, मग बांगलादेशात जिंकलो तर आठ, मग हाँगकाँग इथे येईल... दुकानदाराची ही खोड. माल यायच्या आधी नफा वहीत.

आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला मी उठलो.

कारण साधं होतं. मध्यांतर झालं की खाण्याच्या टेबलापाशी अशी झुंबड उडते की चहा मिळेपर्यंत दुसरा हाफ सुरू. दोन मिनिटं आधी गेलं तर आरामात मिळतं, हा माझा वर्षांचा अनुभव. ‘आता कितें जावचें ना,’ मी भाच्याला म्हटलं. आता काही होत नाही. स्टँडच्या खाली एक पोरगा टेबल मांडून पॅटिस आणि चहा विकत होता. माझ्यापुढे दोघेच. म्हटलं, बघ, अनुभव.

स्टँडच्या खालून सामना वेगळाच ऐकू येतो. वर हजारो पाय असतात, त्यांची धमधम सिमेंटमधून उतरते, ओरडा मात्र लांबचा वाटतो, शेजारच्या गावात जत्रा असावी तसा. मी पन्नासची नोट पुढे केली. पोराने चिमट्यात पॅटिस धरलेलं. आणि धमधम थांबली.

दुकानात कधीतरी लाइट जाते. झेरॉक्स मशीनचा पंखा दिवसभर घरघरत असतो आणि आपल्याला त्याचं भानही नसतं. तो बंद पडला की कळतं की इतका वेळ काहीतरी चालू होतं. अगदी तसं झालं. पोराचा चिमटा तसाच हवेत. लांबून चारदोन जणांचा ओरडा आला, आणि तो आपला नव्हता. ओरडण्याचा सूर लगेच कळतो. जिन्यावरून भाचा खाली आला.

‘मामा, गोल जालो.’

‘कोणाचो?’ मी विचारलं. माहीत असून विचारलं.

‘तांचो.’

चव्वेचाळिसावं मिनिट. साँग उई-यंग. जन्माने कोरियाचा, तरुणपणी फुटबॉल खेळायला सिंगापूरला गेला आणि २०२१ मध्ये तिथला नागरिक झाला. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी त्याच्याबद्दल मला एवढंच कळलं की माझं पॅटिस थंड होतं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा केला. तो मी पाहिला, म्हणजे पुढचा माणूस उठला त्याच्या खांद्यावरून जेवढा दिसला तेवढा. त्यानंतर अर्धा तास उरला होता. अर्धा तास खूप असतो असं आपण म्हणतो. पण बरोबरीने भागणार नाही हे माहीत असलेल्या संघाचा अर्धा तास दहा मिनिटांत संपतो. मागून कुणीतरी ‘मार रे, मार’ एवढंच एक सारखं ओरडत होतं, शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला. शिट्टी झाली तेव्हा २-१. आमच्याकडे कुणी फार शिव्या घातल्या नाहीत. लोक उठले, किल्ल्या चाचपल्या, गेले. मला शिव्या चालल्या असत्या.

परतताना बोरीच्या अलीकडे एका गाड्यावर रस ऑम्लेट खायला थांबलो. तिथे भाच्याने तोंड उघडलं. जागा सोडायची नसते, एवढंही कळत नाही का मामा. पंधरा मिनिटं तेच. मी खिशातलं बिलबुक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. आपण चार सामन्यांत २ गुण. उरलेले दोन्ही जिंकले तर ८. सिंगापूर आजच ८, हाँगकाँगही ८. आणि त्या दोघांचा एकमेकांशी सामना नोव्हेंबरात बाकी. जो जिंकेल तो ११, बरोबरी झाली तर दोघेही ९. म्हणजे कसंही झालं तरी कुणीतरी आपल्या पुढेच.

‘पूण दोगूय हारले जाल्यार?’ भाच्याने विचारलं. दोघे हरले तर?

‘एकमेकांशी खेळून दोघे कसे हरतील रे?’

गाडेवाला हसला. भाचा अकरावीला आहे, कॉमर्सला. मी बहिणीला अजून हे सांगितलेलं नाही.

त्या कागदाकडे बघताना मला खटकला तो सिंगापूरचा आकडा नव्हता. शिलाँगचा होता. घरच्या मैदानावरचा तो एक गुण. दुकानात मोठी उधारी बुडत नाही, ती आपण लक्षात ठेवतो, फोन करतो, दारात जाऊन उभे राहतो. बुडते ती चार पानांची झेरॉक्स, ‘उद्या देतो’ म्हणून नेलेली. मार्चमध्ये आपण दोन गुण असेच सोडले आणि पुढच्या प्रत्येक सामन्यात ते वसूल करू म्हणत राहिलो. फातोर्ड्याला फक्त वहीची बेरीज झाली. हे मी भाच्याला सांगितलं तर म्हणतो, मग चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तू जागेवर असतास तर निदान बेरीज बरी झाली असती. याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गठ्ठे आले. पराभवाच्या बातमीचा पेपर मी नेहमी सगळ्यांत वर ठेवतो, लोक उभ्याने वाचतात आणि कधी विकतही घेतात. त्या दिवशी उभ्यानेही कुणी फार वाचला नाही. उरलेले अंक संध्याकाळी वाड्यावरच्या पोरांनी नेले, अर्थातच फुकट. शनिवारी मी बघायला गेलो तर नरकासुराच्या डाव्या मांडीवर आपला सामना होता, खळीने भिजून पिवळट पडलेला, मथळा उलटा. वरून रंग लागायचा होता. एक पोरगा म्हणाला, ‘अंकल, पोटार क्रिकेट आसा.’ वीस तारखेच्या पहाटे जाळला तेव्हा गर्दीत मांडी कुठली नि पोट कुठलं कळलं नाही.

पुढचं थोडक्यात. १८ नोव्हेंबरला ढाक्यात आपण बांगलादेशाकडून ०-१ हरलो. त्याच दिवशी सिंगापूरने हाँगकाँगला त्यांच्या घरात २-१ हरवलं आणि तिकीट घेतलं. ते याआधी आशिया चषकात एकदाच खेळले होते, १९८४ मध्ये, यजमान म्हणून. मैदानावर खेळून पात्र ठरण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. साँगचा राग करावा असं मला वाटलं नाही. सुनील छेत्री, जो या स्पर्धेसाठी निवृत्तीतून परत आला होता, तो परत निवृत्त झाला.

पण त्याआधी, नरकासुर जाळल्यानंतर दोनच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो येणार म्हणून सगळा गोवा महिनाभर नाचला, आणि रोनाल्डो आलाच नाही. तरी आम्ही गेलो. तिकीट भाच्याच्या हट्टापायी आधीच काढलेलं, आणि त्याचे पैसे अजून माझ्या वहीत त्याच्या नावावर आहेत. एफसी गोवा अर्ध्या तासाच्या आत दोन गोलांनी मागे. चाळिसाव्या मिनिटाला मला चहाची तल्लफ आली. भाच्याने माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता माझा शर्ट मागून मुठीत धरला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला. सामना २-१ असाच हरलो, पण तो गोल मी पाहिला, अगदी पायापासून जाळ्यापर्यंत. मध्यांतराला खाली गेलो तर पॅटिस संपली होती.