तुम्ही विचारलंत म्हणून : लोखंडाच्या आधी कापूस

दर वर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला गेलो, की गर्दीतला कोणीतरी जवळ येऊन माझ्या चिलखताची खालची कड तळहातावर घेतो, तोलून पाहतो आणि विचारतो, "भाऊ, हे कुठून मागवलं आणि कितीले पडलं?" शिवजयंतीला गावात हाच प्रश्न येतो आणि माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात पंप घेऊन आलेले शेतकरीही भिंतीवरचे शिरस्त्राण पाहून हेच विचारतात. विचारणाऱ्यांतल्या काही तरुणांना असा साज स्वतःसाठी उभा करायचा असतो, म्हणून घाईघाईत एखादा आकडा सांगून त्यांची बोळवण करणे मला पटत नाही. हे चिलखत मागवलेले नाही. नऊ वर्षांत ते तीनदा उसवून पुन्हा केले आहे, आणि त्यातला जो भाग कोणालाच दिसत नाही, म्हणजे आत घातलेला रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) जाड अंगरखा, डगला, तोच मी सर्वांत मोलाचा मानतो. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने लोखंडाला हात लावण्याआधी कापसापासून सुरुवात करावी, हे माझे उत्तर आहे.

माझी स्वतःची सुरुवात नेमकी उलटी झाली होती. पहिल्या वर्षी मी शहरातल्या एका दुकानातून नाटकाचा पोशाख आणला. त्यावरचे सोनेरी रंगाचे प्लॅस्टिकचे खवले लाठीच्या पहिल्याच सरावात निखळून पडले. त्यानंतर शेताभोवती रोही (नीलगाई) आणि रानडुकरांसाठी घातलेल्या कुंपणाची १४ गेजची जी. आय. तार उरली होती, ती मी दुकानातल्या वाइंडिंग मशीनवर १० मिलिमीटरच्या सळईभोवती गुंडाळली, कड्या कापल्या आणि चार महिने रात्री बसून अंगरख्याच्या आकाराचे चिलखत विणले. त्याचे वजन ११ किलो भरले. ते मी साध्या बनियनवर घातले आणि सरावात जोडीदाराची लाठी, तीही त्याने हात राखून मारलेली, डाव्या खांद्यावर बसली. चिलखताची एकही कडी उघडली नव्हती, परंतु बनियन काढल्यावर खांद्याच्या कातडीवर कड्यांच्या चार ओळी मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटलेल्या दिसल्या, आणि पुढचे तीन आठवडे मला त्या हाताने मोटारीचे झाकण उचलता आले नाही.

तेव्हा मला जे कळले, ते चिलखताबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यायला हवे. कड्यांचे चिलखत धार अडवते. घाव अडवत नाही. तलवारीची धार कड्यांवरून घसरते आणि कातडी कापली जात नाही, मात्र कड्या लवचिक असल्यामुळे फटक्याचा जोर जसाच्या तसा आत जातो आणि हाडावर बसतो. तो जोर पसरवण्याचे आणि जिरवण्याचे काम आतल्या जाड कापडी थराचे असते. इतिहासातही हेच दिसते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येत असे, तर बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे. लोखंडी चिलखत ही महागडी वस्तू असल्यामुळे ती सरदार-मानकऱ्यांच्या किंवा एखाद्या सधन शिलेदाराच्या अंगावर दिसे, सामान्य स्वाराच्या अंगावर क्वचितच. त्याचे संरक्षण म्हणजे कापूस भरून शिवलेला जाड डगला आणि डोक्याला घट्ट गुंडाळलेले मुंडासे. आपण ज्या काळ्या मातीत राहतो, तिथे तर या संरक्षणाचा कच्चा माल घराच्या ओसरीवर पडलेला असतो.

डगला मात्र मला सहज जमला नाही. आधी मी गादीचा फोम वापरला. त्याने मार अडला, पण घामाला वाट राहिली नाही आणि फेब्रुवारीच्या उन्हात अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी आली. मग मी आमच्याच शेतातला ९ किलो कापूस वेगळा काढला. सरकी काढल्यावर त्यातून साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३ किलो रुई हाती आली. ती पिंजून आणली आणि मांजरपाटाच्या दोन थरांमध्ये भरली. डगला जाडजूड आणि भक्कम दिसत होता, परंतु दुसऱ्याच वापरात खांद्यावरची रुई सरकून पोटाशी गोळा झाली आणि जिथे मार बसतो तिथे नुसते कापड उरले. मी तो घेऊन आमच्या मोठ्या आईकडे गेलो. तिच्या हातच्या गोधड्या आमच्या घरात तीस-तीस वर्षे टिकल्या आहेत. तिने डगला उजेडात धरला, दोन बोटांत चिमटून पाहिला आणि म्हणाली, "बापू, रुई कोंबत नसतेत, पसरवतेत. कोंबली का ते खाली उतरते."

तिने दाखवलेली रीत मी आजही सोडलेली नाही. मांजरपाटावर रुईचा बोटभर जाडीचा थर सारखा पसरायचा, त्यावर जुन्या सुती लुगड्याचे दोन पदर अंथरायचे, पुन्हा रुईचा पातळ थर आणि वरून मांजरपाट, आणि मग गळ्यापासून घेरापर्यंत उभे धावदोरे घालायचे. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवायचे, खांद्यावर मात्र एकाच बोटाचे. शिवण जितकी दाट, तितका थर दबून घट्ट होतो, आणि असा दबलेला थर फुगलेल्या थरापेक्षा मार अधिक चांगला झेलतो. कोपराच्या आतल्या बाजूस आणि बगलेत रुई अजिबात घालायची नाही, कारण तिथे हात दुमडावा लागतो. असा नवा डगला तयार झाला. घाम तो पितो, सावलीत वाळतो आणि त्याच खांद्यावर आता जोडीदाराची लाठी बसली, तर मी पुढच्या वारासाठी उभा राहू शकतो.

एक दोष तरीही उरला होता. हात वर केला, की डगला आणि त्यावरचे सगळे लोखंड कमरेपासून वर ओढले जाई, आणि दांडपट्टा फिरवताना खांदे भरून येत. गावातल्या वयस्क शिंपीकाकांनी मला हात वर करायला सांगितले, बगलेत अंगठा टेकवला आणि म्हणाले, "इथं कळीच नाई, त हात वर जाईन कसा?" अंगरख्याच्या बगलेत जो चौकोनी तुकडा तिरपा बसवतात त्याला शिंपीकाका कळी म्हणतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांनी डगल्याला कळी घातली, आणि तीच आकृती डोळ्यांपुढे ठेवून मी चिलखताच्या बगलेतही कड्यांची कळी विणली. सगळ्या सुधारणांत सर्वांत कमी खर्चाची हीच होती आणि फरकही हिनेच सर्वांत मोठा पडला.

आता कड्यांविषयी सांगतो, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्यांच्याचविषयी येतात. प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या अडकतात, एवढाच हा विणीचा नियम आहे. दुसऱ्या चिलखतासाठी मी १६ गेजची, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची तार ८ मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळली. सळईवरून उतरवल्यावर तार किंचित उलगडते, त्यामुळे कडी सळईपेक्षा थोडी मोठी निघते, हे आधीच हिशेबात धरावे लागते. कटरने कापलेल्या कडीची टोके चिमटल्यासारखी टोकदार होतात आणि आतला डगला फाडतात. म्हणून गुंडाळी आता हॅक्सॉने उभी कापतो आणि त्या कड्या वाळूबरोबर पोत्यात घालून घोळतो. कडी उघडताना टोके बाजूला ताणायची नाहीत, तर एक पुढे आणि एक मागे अशी वळवायची. मिटवताना ती एकमेकांच्या थोडी पलीकडे नेऊन परत आणली, की आपोआप एकमेकांवर दाबून बसतात. स्लॅबसाठी वापरतात ती काळी बाइंडिंग तार यासाठी घेऊ नये, कारण ती फार मऊ असते आणि हिसका बसताच कडी उघडते. जी. आय. तारेवरचा जस्ताचा मुलामा मात्र फार चकाकतो, म्हणून विणलेले तुकडे मी रात्रभर व्हिनेगरमध्ये उघड्यावर ठेवतो, सोड्याच्या पाण्याने धुतो आणि लगेच पुसून तेल लावतो. हा मुलामा भट्टीत जाळण्याचा विचारही कोणी करू नये, कारण जस्ताचा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो.

या दुसऱ्या चिलखतात सुमारे १८ हजार कड्या आहेत आणि त्याचे वजन साडेआठ किलो आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. बारीक कड्यांचे चिलखत कपड्यांखाली लपते, या गोष्टीचा अर्थ मला दोन्ही चिलखते अंगावर चढवल्यावर खऱ्या अर्थाने कळला. माझे पहिले चिलखत कोणत्याही अंगरख्याखाली लपले नसते. विणीची दिशाही सांभाळावी लागते. कड्यांचा तुकडा एका बाजूने धरला तर तो स्वतःच्या वजनाने मिटतो आणि आडवा ताणता येतो, काटकोनात फिरवला तर भोके उघडी ठेवून लोंबतो. माझी पहिली बाही अशी उलट जोडली गेली होती आणि ती पूर्ण उसवावी लागली. एवढे करूनही सगळे वजन खांद्यांवरच राहते, म्हणून कमरेला शेला आवळून त्यावर चिलखताचा थोडा फुगा सोडावा. त्यामुळे बराच भार कमरेवर उतरतो.

शिरस्त्राण मी स्वतः केलेले नाही, कारण ते कसब माझ्या हातात नाही. शेजारच्या गावातल्या लोहारदादांनी बाभळीच्या बुंध्यात खोलगट वाटी कोरली आणि १८ गेजचा पत्रा तीत ठोकून-ठोकून त्याचा घुमट केला. पुढे वर-खाली सरकणारी नाकपट्टी आहे आणि ती स्क्रूने हव्या त्या उंचीवर बसते. जुन्या शिरस्त्राणांवरही अशीच सोय असे. मानेवरच्या कड्यांच्या झालरीसह ते दीड किलोचे आहे आणि त्याच्याही आत रुईची टोपी आहे. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चार पत्र्यांचा चारआयना त्यांच्याकडूनच घेतला. ढालीबाबत मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. ढालीवरच्या चार फुल्यांना बरेच जण केवळ शोभा समजतात, परंतु आतल्या मुठींच्या कड्या त्या फुल्यांमधूनच आरपार अडकवलेल्या असतात, आणि मुठींच्या खाली बोटांच्या पेरांसाठी छोटी गादी असते. ती गादी नसली तर पहिल्याच फटक्यात पेरे ढालीवर आपटतात. चोळणा (विजार) शिंपीकाकांकडे आणि वहाणा बाजारात सहज होतात.

काही वस्तू मी साजातून काढूनही टाकल्या आहेत. सुरुवातीला जे सुंदर दिसेल ते अंगावर चढवत होतो, आणि त्यामुळे वेगवेगळ्या शतकांच्या वस्तू एकाच माणसावर आल्या होत्या. आमच्याच विदर्भात अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. त्या लढाईतला शिपाई आणि जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या पदरचा स्वार यांच्यात जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे. म्हणून मी १६२० च्या सुमाराचा, लखुजीरावांच्या चाकरीतला सधन शिलेदार ठरवला आणि त्याच्या अंगावर शोभणार नाही ते काढून ठेवले. नवख्याने हे पैसे खर्च करण्याआधीच ठरवावे. हत्याराच्या बाबतीत माझा नियम कडक आहे : धार नाही, टोक गोल केलेले, आणि सार्वजनिक कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवलेले.

गंज हा या साजाचा रोजचा शत्रू आहे. आपल्याकडे जवस पिकतो, म्हणून मी पहिल्या पावसाळ्यात चिलखताला जवसाचे तेल भरपूर चोपडले. ते वाळून चिकट झाले आणि त्यावर दुकानातली सगळी धूळ बसली. जवसाचे तेल वाळणारे असल्याने पत्र्यावर अगदी पातळ पुसले तर चांगला लेप धरते, कड्यांना मात्र शिलाई मशीनचे तेलच बरे. गंज चढलाच तर कोरड्या वाळूबरोबर पोत्यात घालून दोघांनी दोन्ही टोके धरून हलवावे, तासाभरात लोखंड उजळते.

किंमत सांगायची तर दुसऱ्या चिलखताच्या तारेला हजार-बाराशे रुपये लागले, लोहारदादांना त्यांची मजुरी दिली, कापूस घरचा आणि टाके मोठ्या आईचे. बाकी सगळ्या रात्री आहेत, आणि त्या अजून चालू आहेत, कारण जुन्या चांगल्या चिलखतात कडीची टोके नुसती भिडवलेली नसत. ती चपटी करून, भोक पाडून रिव्हेटने जोडलेली असत. हे काम मी गेल्या दिवाळीत हाती घेतले. टोक ऐरणीवर चपटे करायचे, अणकुचीदार पंचने भोक पाडायचे, तारेचा बारीक तुकडा त्यात घालून ठोकायचा. हात चांगला चालला तर एका रात्रीत पंचवीस कड्या होतात. सध्या डाव्या खांद्याची पट्टी, ज्या जागी ती लाठी बसली होती तीच, रिव्हेटच्या कड्यांची झाली आहे. ज्यांना डगला शिवून घ्यायचा आहे, त्यांनी वेचणीनंतर ९ किलो कापूस आणि दोन जुनी सुती लुगडी घेऊन यावे. मोठी आई दुपारी तीननंतर ओसरीवर असते.